पडक्या घराची झडती

भूमिगत धनाच्या आख्यायिकांचा आपल्या महाराष्ट्रांत कधींच दुष्काळ पडला नाहीं. ज्या गांवांत प्यावयाच्या पाण्याची मारामार, त्या गांवांतहि निदान दोनतीन पडके वाडे असे असतात कीं, ज्यांच्या पोटांत मोहरांचे हंडे आहेत, हंड्यांवर भुजंग बसले आहेत, आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलें कीं ते हंडे त्याला लख्ख दिसतात. हा भाबडेपणा केवळ हास्यास्पद असता, तर त्याविषयीं लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु गुप्तधनाच्या पायीं माणसांचे बळी गेले आहेत, आणि नरबळी व तत्सम अघोरी प्रकारांस आळा घालण्यासाठीं २०१३ सालीं महाराष्ट्रास स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच सालीं उत्तर प्रदेशांतील दौंडियाखेडा येथें एका साधूला स्वप्नांत हजार टन सोनें दिसलें, आणि लवकरच खुद्द भारतीय पुरातत्त्व खातें तेथें खोदकाम करूं लागलें! सोनें निघालें नाहीं. तेव्हां केवळ खेडवळांना हंसण्यांत अर्थ नाहीं.

हल्लीं अंजनाची जागा एका यंत्रानें घेतली आहे. लांब दांडा, खालीं तबकडी, कानाला लावावयाचें श्रवणयंत्र, एवढाच त्याचा संसार. तबकडींतील तारेच्या वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे तिच्याभोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. खालीं धातूचा तुकडा असल्यास त्यांत लहान लहान भोंवऱ्यांसारखे प्रवाह फिरूं लागतात, आणि त्यांची चाहूल यंत्र पकडतें. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांत रुतलेली गोळी शोधण्यासाठीं टेलिफोनकर्त्या बेल यानें असेंच यंत्र चालविलें होतें; गोळी सांपडली नाहीं, आणि बिछान्यांतील पोलादी तारांनीं घोटाळा केला असें पुढें म्हटलें गेलें. तो घोटाळा अद्यापि संपलेला नाहीं. यंत्राला धातु कळतो, मोल कळत नाहीं. सोन्याची नाजुक अंगठी आणि सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद यांना तें पुष्कळदां एकाच सुरांत हांक मारतें. शिवाय आपल्या सह्याद्रीचा काळा दगड स्वतःच लोहयुक्त. त्यामुळें आमच्याकडील जमीन कांहीं नसतांनाहि कुरकुरत असते.

असें यंत्र आमच्या मूळ गांवच्या घराच्या जागेवर फिरविण्याचा प्रसंग नुकताच आला. ‘घर’ म्हणावयाचें तें संवयीनें. तुळया व खांब केव्हांच विकले गेले, मातीच्या भिंती पावसांत विरघळल्या. राहिलें तें घडीव दगडांचें जोतें, एक उखळ आणि वृंदावनाचा बुंधा. या जोत्यासाठीं आमच्या घराण्याच्या दोन शाखा कित्येक वर्षें न्यायालयांत भांडत आहेत. जागेची किंमत फारशी नाहीं. परंतु जातां जातां दुसऱ्या शाखेनें हंडा काढून नेला, असें प्रत्येक शाखेला वाटतें. दोन्ही बाजूंच्या कागदांत एकच विधान सारखें आहे: १८९९ सालच्या प्लेगांत घर सोडलें, तें पुन्हां कोणी तेथें राहिलें नाहीं. यंत्र लावून एकदांचा सोक्षमोक्ष करावा, अशी सूचना आमच्या चुलत भावानें केली व सर्व हिस्सेदारांनीं तीस संमति दिली. १८७८ च्या कायद्याप्रमाणें जमिनींत दडलेलें दहा रुपयांवरील धन सांपडल्यास कलेक्टरास कळवावें लागतें, न कळविल्यास तुरुंगवास होऊं शकतो, हें आम्हीं सांगितलें, तेव्हां मंडळींचा उत्साह निम्म्यावर आला.

पुरातत्त्वाचा अभ्यास केलेले आमचे एक स्नेही सोबत होते. जोत्यावर दोऱ्या बांधून चौकटी पाडल्याखेरीज त्यांनीं कोणास खुरपें हातीं घेऊं दिलें नाहीं. प्रत्येक वस्तु किती खोल, कोणत्या मातींत, कशाशेजारीं सांपडली हें लिहूनच ती उचलावयाची. दिवस मावळेपर्यंत खिळे, कड्या, कोयंडे, दाराजवळ घोड्याचा नाल आणि झिजून गुळगुळीत झालेल्या दोन शिवराया, एवढीच कमाई झाली. चुलत भाऊ वैतागून म्हणाला, “दादा, कोर्टांत खिळ्यांचा हिशेब मांडायचा आहे काय?”

या चिकाटीचें फळ काय असतें, तें इंग्लंडांतील एका उदाहरणावरून दिसेल. १९९२ सालीं सफोक परगण्यांतील हॉक्सन येथें एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधण्यासाठीं त्याच्या मित्रानें यंत्र फिरविलें, तों रोमन काळचीं नाणीं व दागिने लागले. त्या गृहस्थानें सगळें उपसून घरीं नेलें नाहीं. थोडें निघतांच अधिकाऱ्यांस कळविलें. तज्ज्ञांनीं जागेवर खणलें, म्हणून सुमारे १५,००० नाण्यांचा तो ठेवा एका लांकडी पेटींत कसा रचून ठेवला होता, हेंहि कळलें. लांकूड कुजून गेलें होतें. मांडणी तेवढी शाबूत होती. हातोडाहि सांपडला, आणि तोहि आज ब्रिटिश संग्रहालयाकडे आहे. आपल्याकडे मात्र जुन्या पांढरींची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतांत पडते. तिच्याबरोबर नाणीं जातात, आणि सराफाच्या दुकानीं पोंचेपर्यंत त्यांना गांव राहत नाहीं कीं घर राहत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं माजघरामागच्या कोठींत यंत्र स्वच्छ, उंच सुरांत बोललें. पडलेल्या भिंतीची हातभर माती काढल्यावर जुनी सारवलेली जमीन लागली. प्रथम निघाली रॉकेलच्या चिमणीची गंजकी टोपी, मग दांडा तुटलेली पितळी पळी. उंबरठ्यापाशीं एक कुलूप होतें. घरांत अन्यत्र कोठेंहि कुलूप मिळालें नव्हतें. चुलीच्या अंगास मात्र जमिनीवर कांहींच दिसेना, आणि यंत्र तर तेथेंच ओरडत होतें. स्नेह्यांनीं चाकूच्या टोंकानें सारवणाचा एक पापुद्रा उचलला, त्याखालीं दुसरा, मग आणखी किती तरी. आणि त्या थरांत दडपलेला भोंकाचा पैसा हातीं आला. साल १९४४.

महायुद्धाच्या काळांत, धातु वांचविण्यासाठीं, हे मधें भोंक असलेले पैसे १९४३ पासून निघूं लागले, हें वाचकांपैकीं वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तो पैसा पडक्या भिंतीच्या मातींत मिळता, तर कोण्या गुराख्याचा म्हणून सोडून देतां आला असता. पण त्याच्यावर सारवण होतें. १९४४ नंतरहि कोणी तरी त्या खोलींत शेण कालवून, गुडघ्यांवर बसून, पुन्हां पुन्हां जमीन सारवीत होतें. वरचे पापुद्रे स्नेह्यांनीं मोजले; बत्तीसच्या पुढें ते एकमेकांत मिसळून गेले होते.

गांवांत नव्वदी ओलांडलेल्या एक आजी आहेत. त्यांना विचारलें. “व्हय, आक्का व्हत्या की,” त्या म्हणाल्या. “एकल्याच. आमा पोरांस्नी लाह्या द्यायच्या, पर घरात न्हाई घेत. सोवळ्यात असायच्या.” खुणेवरून खुणा जुळत गेल्या. प्लेगांत दगावलेल्या आमच्या एका चुलत पणजोबांची ती बालविधवा पत्नी. सर्व मंडळी शहराकडे गेली तेव्हां तिला नेलें नाहीं, किंवा नेऊन परत धाडलें; यांपैकीं काय घडलें तें सांगणारा कोणी उरला नाहीं. वंशावळींत पतीच्या नांवापुढें ‘निःसंतान’ एवढाच शब्द आहे. दोन्ही शाखांच्या जुन्या पिढ्यांना ती ठाऊक नसेल, हें आम्हांस खरें वाटत नाहीं. तीसचाळीस वर्षें गांवीं भाकरीला पीठ कोठून आलें, हा प्रश्न कोणी विचारूं नये, म्हणूनच ‘घर प्लेगांत सोडलें’ ही कथा रूढ झाली असावी. हंड्याबद्दल इतकें तावातावानें भांडणाऱ्या घराण्यांत तिच्याबद्दल एक शब्दहि भांडणापुरता उरला नव्हता.

चुलत भाऊ तो पैसा हातांत धरून बराच वेळ उखळावर बसून होता. मग त्यानें यंत्र बंद केलें. वृंदावनाची बाजू तपासावयाची राहिली होती. ती आज नको, असें तोच म्हणाला.

घरीं आल्यावर वंशावळींत नांव घालावयाचें ठरलें. आजींना ‘आक्का’ यापलीकडे नांव ठाऊक नाहीं. माहेर कोणतें तेंहि नाहीं. तेवढेंच लिहावें म्हणून आम्हीं कागद पुढें घेतला, तों दोन्ही शाखांच्या वकिलांनीं, आणि या एका बाबतींत त्यांचें प्रथमच एकमत झालें, असा निरोप धाडला कीं, दावा चालू आहे तोंपर्यंत वंशावळींत फेरफार करूं नये. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. तूर्त तें नांव आम्हीं पेन्सिलीनें लिहून ठेवलें आहे.