तळेगावला हवापालटासाठी

तळेगाव दाभाडे म्हटले की आमच्या लहानपणी दोन गोष्टी आठवत. एक काचकारखाना आणि दुसरी हवापालट. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडातून १९०८ साली इथे काचेचा कारखाना निघाला, हे शाळेत पाठ केलेले. आणि घरात कोणाचे दुखणे लांबले की, "तळेगावला महिनाभर नेऊन ठेवा, हवा चांगली आहे," असे वडीलधारी माणसे सांगत. त्या गावी आपण एक दिवस सासूबाईंसाठी खोली बघायला जाऊ असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

झाले असे, की गेल्या श्रावणात पहाटे तीनला सासूबाई न्हाणीघरात पडल्या. वय ब्याऐंशी. मी त्रेसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि ह्यांची बायपास झालेली, म्हणजे वजन उचलायची बंदी. शेवटी शेजारची दोन कॉलेजात जाणारी मुले उठवून आणली, तेव्हा त्या पलंगावर आल्या. खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन झाले, वॉकर आला, आणि साताऱ्याच्या आमच्या घरात चार महिन्यांत पाच बाया आल्या आणि गेल्या. मैत्रिणींनो, सासूला सांभाळणारी सून म्हणजे पदर खोचलेली तरुण बाई, हे चित्र आता पुसायला हवे. आजकाल पुष्कळ घरांत सूनसुद्धा ज्येष्ठ नागरिकाच्या तिकिटावर एस.टी.त बसते.

धाकटे दीर अमेरिकेतून म्हणाले, "वहिनी, चांगली जागा बघा, पैशाचं मी बघतो." पुण्याच्या वन्सं मात्र फोनवरच रडू लागल्या. "आईला आश्रमात? बाबा असते तर हे झालं असतं का?" ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि पेपर उघडला.

वन्संच्या मनातला आश्रम मला कळत होता. पुण्यात डेव्हिड ससून ह्यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकात निराधारांसाठी जी संस्था निघाली, तिथे त्या लहानपणी शाळेतर्फे खाऊ वाटायला गेल्या होत्या. शिवाय १९७० साली 'नटसम्राट' आले, आणि म्हाताऱ्या आईबापांना घर नसणे म्हणजे काय, ते सगळ्या महाराष्ट्राने रडून पाहिले. तेव्हापासून दोष कोणाचा हे ठरलेलेच आहे.

प्रत्यक्षात आता ह्या जागा तीन तऱ्हेच्या आहेत. एक निराधारांसाठी, जसे वृद्धाश्रम जिल्ह्याजिल्ह्यांत असावेत असे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात म्हटले आहे. दुसरी, धडधाकट ज्येष्ठांसाठी बांधलेल्या फ्लॅटच्या वसाहती. आणि तिसरी, जिथे पैसे भरून राहायचे आणि आंघोळ, औषधे, चालणे ह्यांना मदतनीस मिळते. आम्ही ही तिसरी बघायला निघालो होतो. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. बरे लिहिले तर जाहिरात होईल आणि वाईट लिहिले तर तक्रार.

सासूबाईंना घरी ठेवून जायचा बेत होता. पण आदल्या रात्री त्या म्हणाल्या, "खोली माझी, आणि बघणार तुम्ही? साडी सुद्धा मी कधी न बघता घेतली नाही." मग काय, वन्संच्या मुलाची गाडी, पुढच्या सीटवर सासूबाई, मागे आम्ही तिघे. देहूरोड गेले, सोमाटणे फाटा आला, तरी मागे कोणी बोलेना. पुढे त्या आपल्या डोंगरावरचे ढग बघत होत्या.

रविवार होता, म्हणजे भेटीचा दिवस. फाटकातून आत गेल्यावर पहिल्यांदा नजरेत भरले ते उंबरठे नसणे. दारे रुंद, चाकांची खुर्ची सरळ आत जावी अशी. व्हरांड्यात भिंतीला आडवे दांडे. न्हाणीघराची फरशी खरखरीत, आणि पलंगाशी घंटीची लाल दोरी. ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या घरांना अशा सोयी हव्यात, असे महारेराने २०२४ मध्ये बांधकाम करणाऱ्यांना घालून दिले आहे. मी बघत होते आणि मनात येत होते, की आमच्या न्हाणीघरात असा एक दांडा बसवायला केवढा खर्च आला असता? हे त्या पहाटेआधी कोणाला सुचले नाही. मलाही नाही.

वास मात्र होता. फिनेलचा, आणि त्याखाली दुसरा. वन्संनी नाकाला पदर लावला.

खरी माहिती ऑफिसातल्या बाईंपेक्षा व्हरांड्यात मिळाली. ठाण्याची एक लेक आईच्या डोक्याला तेल लावत बसली होती. ती म्हणाली, "पहिले तीन महिने मी परत जाताना गाडीत रडायचे. आता आईच सांगते, पुढच्या रविवारी येऊ नकोस, आमचं भजन आहे." तिच्या पलीकडे एक गृहस्थ वडिलांसमोर मोबाईल बघत तासभर बसले आणि पैसे भरून गेले. एका सूनबाईंनी हळूच सांगितले, की गावाकडे त्यांनी "मामंजी आत्यांकडे असतात" असेच ठेवले आहे. दोन वर्षे झाली. सणावाराला आत्यांना फोन करून सांगावे लागते, कोणी विचारले तर हो म्हणा.

आणि कोपऱ्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना इथल्या मुली 'आज्जी' म्हणतात ह्याचा राग. "मी बाई होते, बाईच म्हणा." साड्या धोब्याकडून बदलून येतात, संध्याकाळी सातला जेवण उरकतात, मदतनीस मुली चार महिन्यांत निघून जातात, असे सगळे त्यांनी मोजून सांगितले. मी विचारले, "मुलांना हे सांगता का?" त्या हसल्या. "ती बिचारी इतक्या लांबून येतात. त्यांना आम्ही सुखी आहोत असं वाटतं, कारण आम्ही तसं सांगतो. घरी होतो तेव्हाही तसंच सांगत होतो."

हे ऐकून वन्सं उठून झाडाखाली गेल्या. मी गेले नाही. घरी सासूबाई "मला काही नको ग" म्हणत, तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकून ओट्याकडे वळत असे, ते मला आठवत होते.

पैशाचे म्हणाल तर आमच्या ह्यांची पेन्शन जवळजवळ पुरी जाईल एवढे. त्यात दिरांनी भर घातली तर निभेल. पण अशा ठिकाणी मासिक आकड्यावर जाऊ नका. डायपर, फिजिओथेरपी, रात्रीची आया, दवाखान्यात नेणे, हे धरून आहे की वेगळे? अनामत रक्कम परत मिळते का, कधी? रात्री किती माणसे असतात? आणि मुख्य म्हणजे माणूस अंथरुणाला खिळला किंवा विसरू लागला तर ठेवून घेणार का? आमच्या ह्या प्रश्नावर ऑफिसातल्या बाई थोड्या थांबल्या. "तेव्हा बघू," म्हणाल्या. मी म्हटले, "ते लिहून द्या." (१४५६७ ह्या नंबरवर ज्येष्ठांसाठी सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, ती वहीत टिपून ठेवा.)

एवढे सगळे होईपर्यंत सासूबाई कुठे होत्या? स्वयंपाकघराबाहेर. तिथे चार बायका मेथी निवडत होत्या, ज्यांना हौस आहे त्यांनी निवडावी असा तिथला रिवाज. सासूबाईंनी वॉकर भिंतीला टेकवला, खुर्ची ओढून घ्यायला सांगितली आणि अर्धी जुडी निवडली. आमच्या घरी ऑपरेशननंतर मी त्यांना भाजीला हात लावू दिला नव्हता. त्रास नको म्हणून.

परतीच्या वाटेवर त्या म्हणाल्या, "एक महिना राहून बघते. आवडलं नाही तर न्यायला या. आणि माझी खोली कोणाला देऊ नका, कपाटाची किल्ली मी नेणार आहे."

ह्यांनी खाकरून घेतले. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. "आई, देव?" त्यांनी विचारले.

"बाळकृष्ण तेवढा नेते. बाकीचे हिच्याकडे राहू देत."

त्याला आता तीन आठवडे झाले. रोज रात्री आठला फोन येतो. मेथीत रेती असते, हे त्यांनी आचाऱ्याला सांगितले. शेजारच्या पलंगावरच्या बाई रात्री बडबडतात. एक दिवस फोन आला नाही, तर मी साडेदहापर्यंत जागी होते. पुढच्या बुधवारी महिना भरतो.

परवा मंडईत समोरच्या काकू भेटल्या. "बरेच दिवसांत सासूबाई दिसल्या नाहीत?"

"तळेगावला गेलीय," हेच मध्ये म्हणाले, "हवापालटाला."

मी पिशवीतली कोथिंबीर सारखी करत राहिले.