निळ्या मुलीचा सौदा

३० नोव्हेंबर २०१८ चा दिवस. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा हंगाम ऐन भरात होता. पहाटेपासून आलेल्या गाड्यांतून रवे उतरून थप्प्या लागल्या होत्या आणि सौदे सुरू व्हायला अजून अवकाश होता. मंदिरातून परतलेले अण्णा पेढीवर बसून वर्तमानपत्र चाळत असता एका आकड्यावर थबकले. आदल्या दिवशी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ‘सोदबीज’ या विलायती पेढीने केलेल्या लिलावात अमृता शेरगिल यांचे एक चित्र १८ कोटी ६९ लाखांना गेले होते. चित्राचे नाव ‘निळ्या वेषातील छोटी मुलगी’.

अण्णांनी आकडा पुन्हा वाचला. उभा जन्म सौद्यांत गेलेला माणूस. त्यांच्या वडिलांच्या काळी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत, पुढे उघड बोली आली. गुळाचा रंग, कण आणि चव पाहून ते डोळे मिटून भाव सांगत. पण या मालाचा भाव कशावरून ठरला, हे त्यांना उमगेना.

घरात हा विषय एरवीही नाजूक होता. धाकट्या नातीला बारावीनंतर मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात जायचे होते. तिच्या वडिलांचा विरोध उघड होता. चित्रे काढून कोणाचे घर चालले आहे, असे ते विचारीत आणि त्यावर नात गप्प बसे. अण्णांनी आजवर कोणत्याच बाजूने कौल दिला नव्हता. त्या दिवशी मात्र त्यांनी तिला पेढीवर बोलावून घेतले आणि वर्तमानपत्र पुढे केले.

“बाळ, ही बाई कोण?”

नातीला पुष्कळ ठाऊक होते. अमृता १९१३ साली बुडापेस्टला जन्मली. वडील उमरावसिंग हे पंजाबातील मजिठिया घराण्यातले शीख, आई हंगेरीची. सोळाव्या वर्षी पॅरिसला शिकायला गेली. तिथल्या मोठ्या प्रदर्शनात १९३३ साली ‘तरुणी’ या चित्राला सुवर्णपदक मिळाले, तेव्हा ती वीस वर्षांची होती. तरीही आपली चित्रे भारतातच व्हायची आहेत असे वाटून १९३४ अखेर ती परतली. त्याच सुमारास अमृतसरला नात्यातल्या एका आठ वर्षांच्या बहिणीला समोर बसवून तिने हे चित्र रंगवले. शेरगिल म्हटले की खेड्यातल्या उदास, सावळ्या स्त्रियाच डोळ्यांसमोर येतात; ही मुलगी त्यांच्या आधीची.

“मग या १८ कोटींतले त्या बाईला काय मिळाले?” अण्णांनी व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न विचारला.

“काही नाही, आजोबा. ती १९४१ साली लाहोरला वारली. अठ्ठावीस वर्षांची होती.”

अण्णा क्षणभर बोलले नाहीत. मग त्यांनी हिशेब मांडायला घेतला. १९३७ साली लाहोरच्या फलेटीज हॉटेलात अमृताचे प्रदर्शन भरले, तिथे हे चित्र चार्ल्स फाब्री या कलासमीक्षकाने विकत घेतले. नंतर ऐंशी वर्षे ते बाजारात आलेच नाही. रक्कम आता विकणाऱ्याच्या पदरी पडली, वर लिलावाच्या पेढीचे अडत होतेच. माल पिकवणारा मात्र त्या पट्टीत कोठेच नव्हता.

पंचकल्याणक पूजेत सौधर्म इंद्राच्या मानाचे सवाल होतात, तिथेही आकडे ऐकून परका माणूस थक्क होतो. पण बोलीचा पैसा मंदिराकडे जातो आणि घेणाऱ्याच्या हाती वस्तू म्हणून काहीच उरत नाही. पूजा संपली की इंद्राचा मुकुट उतरतो. इथे घेणाऱ्याच्या भिंतीवर वस्तू राहते. परिग्रहपरिमाणाचे व्रत घेताना सोने-चांदी, शेत, घर यांची मर्यादा अण्णांनी पूर्वीच लिहून ठेवली होती. चित्राचा रकाना त्या यादीत नव्हता. तो कोणत्या खात्यात धरावा, हे महाराजांना विचारायला हवे, असे ते हसून म्हणाले.

किमतीचे कारण मात्र त्यांना लवकर कळले. अमृताची ज्ञात चित्रे सुमारे पावणेदोनशे. त्यांतली पुष्कळशी तिच्या पतीने आणि वडिलांनी राष्ट्राला दिलेली, दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. उरलेल्यांना १९७६ पासून राष्ट्रीय ठेवा मानले गेल्यामुळे देशातले चित्र देशाबाहेर नेता येत नाही. आवक जवळजवळ बंद आणि पेठ देशापुरतीच. तेवढ्यातच हा भाव! (पुढे तिचीच चित्रे २०२१ मध्ये ३७.८ कोटींना आणि २०२३ मध्ये ६१.८ कोटींना गेली.)

“हयातीत तिचा माल खपला का?”

इथे नात अडखळली. खोटे सांगावे तर आजोबांच्या नजरेतून सुटणार नाही, खरे सांगावे तर वडिलांचाच मुद्दा बळकट होणार. तरी तिने खरे तेच सांगितले. १९३५ साली सिमल्याच्या कलासंस्थेने अमृताची काही चित्रे नाकारली आणि एकाला बक्षीस दिले. तिने ते परत पाठवले. पुढच्या वर्षी ती मुंबईहून अजिंठा-वेरूळ पाहत दक्षिणेत उतरली. हैदराबादच्या सालार जंगांना चित्रे विकायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या संग्रहावर तोंडावरच टीका करून बसली. सौदा अर्थातच मोडला. १९३७ साली ‘तीन मुली’ला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, तरी पैशांची ओढाताण सुटली नाही. लग्नानंतर ती गोरखपूरजवळच्या सराया गावी, नातेवाइकांच्या साखर कारखान्याच्या आवारात राहिली. पती तिथे डॉक्टर होते.

“साखरवाल्यांकडे होय?” अण्णा म्हणाले. गूळवाल्याच्या तोंडी या शब्दाला जो सूर येतो, तो आला. नात हसली.

मग त्यांनी विचारले, “भाव पडतो म्हणून तिने रंग बदलला का? लोकांना आवडते तसे काढले का?”

“नाही.”

गुळाला पिवळा रंग यावा म्हणून काय काय घालतात आणि तसा रवा बोलीत कसा चढतो, हे अण्णांना सांगावे लागत नव्हते. त्यांच्या पेढीवर तो माल येत नसे. त्यापायी काही गिऱ्हाइके गेलीही होती. ते बराच वेळ दाराबाहेरच्या थप्प्यांकडे पाहत राहिले.

“एक चित्र काढायला माणसाला किती वेळ बसावे लागते?”

“तेलरंगात असेल तर पुष्कळ दिवस. नुसते रेखाटन असेल तर अर्धा तास.”

त्यांनी टोपी सारखी केली, लोडाला टेकलेली पाठ सोडवली आणि ताठ बसले. नातीने पिशवीतून वही काढली. तिचे वडील आतल्या खोलीच्या दारात उभे राहून हे पाहत होते. काही बोलले नाहीत. पाच-दहा मिनिटे झाली असतील, तोच बाहेर घंटा झाली आणि मुनीमजींनी आत डोकावून सांगितले, “अण्णा, आपल्या दारात बोली आली. खरेदीदार थांबलेत.”

नातीचा हात थबकला. अण्णांनी मान न वळवता मुलाला म्हटले, “आज तू जा. मला हलता येत नाही.”