उघडे राहिलेले तोंड

मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ देवाघरी गेले. चाळीसेक वर्षे ते चर्चच्या गायकवृंदात गायले होते. सायंकाळी त्यांचा थोरला मुलगा कार्यालयात आला. डोळे सुजलेले, हातात वहीचे एक फाटके पान. ‘‘फादर, उद्या दहाला मिस्सा आहे. बाबांनी ही चार गीते सांगून ठेवली होती. पत्रक छापून मिळेल का?’’ नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या कार्यालयाचे काम पाहणारे काका निवृत्त शिक्षक आहेत. सारा धर्मग्राम त्यांना काका म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. ते लगेच संगणकासमोर बसले. अर्ध्या तासात वर दिवंगताचे नाव, मधोमध जांभळा क्रूस आणि खाली चार गीते असे नेटके पान सिद्ध झाले. दीडशे प्रती काढायच्या होत्या.

पहिला कागद प्रिंटरमधून बाहेर आला आणि आम्ही तिघेही त्याच्याकडे पाहतच राहिलो. क्रूस स्वच्छ उमटला होता. काळी अक्षरे मात्र कुणी विळ्याने आडवी कापावीत तशी दिसत होती. ओळीओळीतून पांढऱ्या रेघा गेल्या होत्या. आपल्या देवनागरीची एक अडचण अशी की तिची शिरोरेषा आडवी, आणि प्रिंटरचे छिद्र बुजले म्हणजे गळणारी रेघही आडवीच. दोहोंची गाठ पडली की अक्षरांचे छप्पर उडते. मृताच्या नावावरची शिरोरेषा पार नाहीशी झाली होती. ‘चिरशांती’वरचा अनुस्वार गळून ‘चिरशाती’ असे काहीतरी उरले होते.

त्या क्षणी मी जे बोललो ते येथे लिहिणे जड जाते. परंतु तेच लिहावयास बसलो आहे. ‘‘काका, महिनाभर हे यंत्र धूळ खात पडले आहे. आठवड्यातून एक कागद काढायलाही तुम्हाला सवड होत नाही काय? आता या माणसाला मी काय सांगू?’’ आवाज चढला होता. काका सत्तरीला आलेले, माझ्याहून पंधरा वर्षांनी वडील. समोर उभा असलेला तो मुलगा चौथीत त्यांच्याच वर्गात होता.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘फादर, काळी चालत नसली तरी बाकीच्या तीन शाया चालताहेत. अक्षरे गडद निळी करू या.’’ निळ्या आणि किरमिजी शाईच्या मिश्रणातून गडद निळा रंग होतो. काळ्या शाईची त्यात गरज पडत नाही. मला हे सुचले नसते. दीडशे पत्रके निळ्या अक्षरांत छापली गेली, आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी ती हातात धरून गीते गायिली. दफनविधी यथासांग पार पडला.

रात्री झोप येईना. यंत्र दुरुस्त केलेच पाहिजे, असे मनाला सांगत मी कपाटातून त्याची पुस्तिका काढली.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आता असे प्रिंटर आहेत, म्हणून त्याच्या अंतरंगाविषयी थोडे सांगतो. कागदावरून डावीउजवीकडे धावणारे जे डोके असते, त्याच्या तळाशी सूक्ष्म छिद्रांच्या रांगा असतात. आमच्या यंत्रात काळ्या शाईसाठी १८० आणि प्रत्येक रंगासाठी ५९ छिद्रे आहेत. अशा छिद्राचा व्यास साधारणपणे २० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या तृतीयांश म्हणा. त्यातून उडणाऱ्या थेंबाचे माप पिकोलिटरमध्ये देतात. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लक्ष कोटीवा भाग. थेंब उडवण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत उष्णतेची. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो या संशोधकाच्या हातून सोल्डरिंगचे तापलेले टोक शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला लागले आणि सुईच्या अग्रातून शाई उडाली. त्या अपघातातून, शाई क्षणभर तापवून तिच्यात बुडबुडा आणायचा आणि त्याच्या रेट्याने थेंब बाहेर ढकलायचा, ही युक्ती निघाली. दुसरी रीत आमच्या यंत्राची. तिच्यात विजेच्या स्पर्शाने किंचित वाकणारा स्फटिकमय पदार्थ शाईला चिमटा काढतो. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज उत्पन्न होते, हे प्येर आणि झाक या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले, आणि वीज दिली की स्फटिक आकार बदलतो, हे पुढच्याच वर्षी. ते पुस्तिकेत नव्हते. सेमिनरीत जाण्यापूर्वी मी विज्ञान शाखेत होतो, तेथले आठवले.

पुस्तिकेत जे होते ते मात्र वर्मी लागणारे होते. शाईत बहुतांश पाणीच असते. ती लवकर वाळू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीनसारखे ओल धरणारे पदार्थ घालतात. तरीही छिद्र उघड्यावर राहिले तर पाणी उडून जाते आणि मागे डिंकासारखा थर उरतो. आमची काळी शाई न विरघळणाऱ्या सूक्ष्म कणांची आहे, रंगीत शाया पाण्यात पुरत्या विरघळलेल्या. म्हणून काळीने आधी मान टाकली. हे टाळण्यासाठी यंत्रात एका कडेला रबरी कडांचे टोपण बसवलेले असते. काम संपले की डोके तेथे जाऊन विसावते, टोपण छिद्रांवर घट्ट बसते आणि ओल आत राहते. यंत्र त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केले तर हे सारे नीट होते. भिंतीवरचे बटण एकदम दाबले, तर डोके जेथे असेल तेथेच थबकते, तोंड उघडे ठेवून.

मी पुस्तिका मिटली. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात वीज कडाडली आणि कार्यालयातील एक यंत्र जळाले. तेव्हापासून काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करायची मला सवय जडली आहे. मे महिन्याच्या चार तारखेला वार्षिक तपसाधनेला निघण्यापूर्वी मी घाईघाईने एक पत्र छापले होते. कागद हातात पडताच सही केली आणि बटण खाली पाडले. पत्राची प्रत फाईलमध्ये होती, तारखेसह. काका तर एक मेपासून रजेवर होते. त्यांच्या पत्नीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. तीन आठवडे, ऐन उन्हाळ्यात, ते डोके उघडे पडून होते, आणि ते तसे ठेवणारा मी होतो.

सकाळी मी काकांना विचारले, ‘‘त्या दिवशी झाकण उघडले तेव्हा डोके कुठे होते?’’

‘‘मधोमध होते, फादर.’’

‘‘म्हणजे तुम्हाला कळले होते. मग बोलला का नाहीत?’’

‘‘त्याचा बाप घरात निजवलेला होता, फादर. कागद आधी निघायला हवे होते.’’

मी क्षमा मागितली. काकांनी हात हलवून विषय मिटवला आणि आम्ही दोघे कामाला लागलो. बोलण्यापेक्षा ते सोपे होते.

यंत्रालाच स्वतःचे डोके धुण्याची आज्ञा देता येते. त्यात खालून पंप शाई ओढतो आणि रबरी पाते तोंड पुसते. पण दर वेळी बरीच शाई खर्ची पडते, आणि ती यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत मुरते. ती गादी भरली की नवा खर्च. म्हणून अधीर माणसाने दहा वेळा धुलाई केली, तर टाकी रिकामी होते आणि अडथळा तसाच राहतो. पुस्तिका सांगते की तीन वेळा धुवून गुण आला नाही तर यंत्र बंद करून निदान बारा तास थांबावे. त्या अवधीत ताजी शाई वाळलेल्या शाईला भिजवते. आम्ही तीनदा धुतले. प्रत्येक वेळी परीक्षेचा कागद काढला. त्यावर पायऱ्यापायऱ्यांच्या बारीक रेघा उमटतात, आणि जी पायरी गळते ते छिद्र बुजलेले. काळ्याच्या निम्म्या पायऱ्या गायब होत्या. बारा तास थांबलो. दुसऱ्या दिवशी बऱ्याच पायऱ्या परतल्या, पण मधला एक पट्टा कोराच राहिला. यापुढची जोरदार धुलाई करायला टाकी एक तृतीयांश तरी भरलेली असावी लागते, आमची नव्हती. शाई आणून भरली, तीही धुलाई केली, पुन्हा रात्रभर थांबलो. पट्टा तसाच.

मग काकांच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो अशीच यंत्रे दुरुस्त करतो, फोनवरून उपाय सांगितला. धागे न सुटणारे फडके घडी करून डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवायचे, डोक्याच्या वाटेवर ठेवायचे आणि डोके त्यावर काही तास विसावू द्यायचे. साधे पाणी चालत नाही, कारण त्यातले क्षार छिद्रात बसतात. आमच्या किनारपट्टीवरच्या विहिरींचे मचूळ पाणी तर मुळीच नाही. तेवढ्यात मिस्सा आटोपून आलेल्या एका वेदीसेवकाने गंभीरपणे सुचवले, ‘‘फादर, पवित्र पाणी वापरा ना.’’ परंपरेने त्यात मीठ घालतात, हे त्याला समजावताना मला त्या आठवड्यात पहिल्यांदा हसू आले. गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली आली. आता गंमत अशी की डोके टोपणावरून हलवायचे तर ते धावत असताना वीज तोडावी लागते, म्हणजे ज्या कृतीने हा सारा प्रसंग ओढवला नेमकी तीच. काका म्हणाले, ‘‘फादर, हे तुम्हीच करा. तुमचा हात बसलेला आहे.’’ मी बटण खाली पाडले.

फडके ठेवण्यापूर्वी काकांनी विजेरी लावून टोपण पाहिले. रबरी कडेवर वाळलेल्या शाईची खपली होती. तिच्यामुळे टोपण घट्ट बसत नव्हते, आणि पंप शाईऐवजी हवाच ओढत होता. तीन दिवसांच्या धुलाया वाया जाण्याचे एक कारण ते असावे. कापसाच्या काडीने ओलसर पुसत त्यांनी ती कड साफ केली. शाळेत मुलांच्या पाट्या तपासताना ते असेच वाकत असतील. चार तासांनी फडके काढले तेव्हा त्यावर काळ्याचा एक सरळ पट्टा उमटला होता. पुन्हा एक धुलाई झाली आणि कागदावर काळ्याच्या साऱ्या पायऱ्या आल्या.

यंत्र साफ झाले, तरी माझ्या मनातला हिशेब पुरा होत नव्हता. काकांची क्षमा मी चार भिंतींत मागितली होती. ताडन मात्र एका तिसऱ्याच्या देखत केले होते. कुणाच्या नावाला आपण धक्का लावला तर त्याची भरपाई करणे हे कर्तव्य आहे, केवळ प्रायश्चित्त संस्कार घेऊन ते टळत नाही, असे कॅथलिक धर्मशिक्षणाचा २४८७वा परिच्छेद सांगतो. तो मी वर्गांत शिकवला आहे, फळ्यावर उदाहरणे काढून.

महिन्याची मिस्सा सांगायला तो मुलगा जूनमध्ये आला. बाहेर पाऊस कोसळत होता. मी काकांना आतून बोलावले आणि दोघांसमोर सांगितले की त्या दिवशी दोष माझा होता, काका रजेवर होते, आणि त्यांना ठाऊक असूनही त्यांनी माझी लाज राखली. वाक्ये मी आधी मनात जुळवली होती. तरीही ती अडखळतच बाहेर आली.

तो म्हणाला, ‘‘फादर, त्या दिवशी बाहेर पडल्यावर सर मला म्हणाले होते, फादरांच्या मागे फार धावपळ आहे, मनावर घेऊ नकोस.’’

काका टेबलावरचे कागद सारखे करीत होते. मी काय बोलावे ते मला कळेना. मग त्या मुलानेच विषय बदलला. महिन्याच्या मिस्सेलाही पत्रक हवे होते. मी म्हटले, आता काळी शाई उत्तम चालते, या वेळी नीट छापून देतो. तो म्हणाला, ‘‘नको, फादर. आई म्हणते निळ्यातच छापा. मागचे तिने प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले आहे.’’

आता दर शनिवारी आम्ही छपाई करतो. २०२० च्या टाळेबंदीपासून आमचे साप्ताहिक पत्रक व्हॉट्सॲपवर जाऊ लागले आणि कागदी प्रती बंद पडल्या. त्यामुळेच यंत्राला काम उरले नव्हते. अंथरुणाला खिळलेल्या ज्या बारा जणांकडे मी कम्युनियन घेऊन जातो, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे तसला फोन नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात आले नव्हते. त्यांच्यासाठी बारा प्रती निघतात. काकांनी वरच्या कोपऱ्यात एक छोटे चित्र घातले आहे, चारही शाया लागतील असे. एका आजीने मला विचारले, पत्रक इतकी वर्षे कुठे होते? मी सांगितले, यंत्र बिघडले होते.

छपाई झाली की काका परीक्षेचा कागद खिडकीशी धरून पाहतात. गेल्या शनिवारी म्हणाले, ‘‘पिवळ्याची एक पायरी तुटक आहे, फादर.’’ पिवळी रेघ माझ्या डोळ्यांना मुळी दिसतच नव्हती. यंत्राचे बटण मी दाबले, डोके कडेला जाऊन टोपणात बसल्याचा तो बारीक आवाज येईपर्यंत उभा राहिलो, आणि मग भिंतीकडे हात नेला.