माथेरानच्या वाटेवर सुटलेलं बोट

तीन दिवस, दोन रात्री, एक आजी, दोन मुलं... आणि मोटारींना बंदी असलेला एक डोंगर! मुलांच्या छोट्या-छोट्या ‘पहिल्यांदा’साठी याहून चांगली जागा कुठली?

मूल तान्हं असतं तेव्हा आपल्याकडे प्रत्येक गोष्टीचा सोहळा होतो. बारसं होतं, जावळ निघतं, उष्टावण होतं. संक्रांतीनंतर काळं झबलं अन् हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण होतं. पहिला दात दिसला की नातेवाइकांना फोन जातात, पहिलं पाऊल पडलं की फोटो निघतात. मात्र, मूल शाळेत जायला लागलं की हे सगळं एकदम थांबतं. मग नोंद होते ती फक्त मार्कांची आणि वाढलेल्या उंचीची!

खरं तर बुटाची नाडी पहिल्यांदा स्वतःची स्वतः बांधणं, दुकानात जाऊन सुटे पैसे मोजून आणणं, अनोळखी माणसाला रस्ता विचारणं, हे काय पहिल्या पावलापेक्षा कमी आहे? पण शहरातल्या घरात या गोष्टी घडायला सवडच नसते. सकाळी स्कूलव्हॅनचा हॉर्न वाजतो आणि घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं, ‘आण इकडे, मीच बांधते!’ रस्त्याची तर बातच नको. समोरच्या वाण्याकडे दहा वर्षांच्या मुलीला पाठवायचं तरी मध्ये दोन्ही बाजूंनी धावणाऱ्या मोटारी आणि मोटारसायकली.

प्रजासत्ताक दिनाला जोडून तीन दिवसांची सुट्टी मिळाली, तेव्हा आमच्या घरात रिसॉर्टची शोधाशोध सुरू झाली. कुणाला पाण्याच्या घसरगुंड्या हव्या होत्या, कुणाला नदीकाठ. सदुसष्ट वर्षांच्या सासूबाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला, “तिथं चालायला जागा आहे का?” त्या प्रश्नाला सगळ्यात सरळ उत्तर होतं माथेरान.

मोटार थांबते, सुट्टी सुरू होते

मुंबई-कर्जत मार्गावर नेरळ स्टेशनला उतरायचं आणि टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्यावर यायचं. बस्स, इथे मोटारीचं राज्य संपतं. स्वतःची गाडी असेल तर तीही इथेच ठेवायची. पुढे बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, नाहीतर अमन लॉज स्टेशनवरून सुटणाऱ्या छोट्या गाडीने. सुमारे ८०० मीटर उंचीवरचं हे पठार ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हेरलं. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात त्याचं थंड हवेचं ठिकाण झालं. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान आणि आसपासचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. म्हणूनच आजही इथे जांभूळ-अंजनाच्या गर्द सावलीतून जांभ्या मातीचे तांबडे रस्ते जातात आणि त्या रस्त्यांवर हॉर्नऐवजी घोड्यांच्या टापा ऐकू येतात.

आता अगदीच चाकं नाहीत असं नाही. रुग्णवाहिका आहे. माणसाने माणसाला ओढून न्यायच्या हातरिक्षा इथे वर्षानुवर्षं चालल्या. डिसेंबर २०२२मध्ये त्यांच्या जागी ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.

ई-रिक्षा मोजक्याच. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे मोठी रांग होती, छोटी गाडीही नुकतीच सुटलेली. सासूबाईंचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही थांबायच्या विचारात होतो, तर त्या म्हणाल्या, “घोडा करा की!”

“आई, तुम्ही घोड्यावर?” ह्यांनी डोळे विस्फारले.

“का? झाशीची राणी काय जन्मतःच बसली होती?”

घोडेवाल्याने कट्ट्याला घोडा लावला. “आजी, लगाम मी धरतो, तुम्ही फक्त खोगिराची कडी घट्ट धरा,” असं म्हणत त्याने त्यांना अलगद वर बसवलं. नऊवारीतून पाचवारीवर आणि पाचवारीतून गुडघ्यांच्या दुखण्यामुळे सलवार-कमीजवर आलेल्या आमच्या सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसल्या! बाजूने सहा वर्षांचा धाकटा चालत होता आणि दर दहा पावलांवर वर बघून विचारत होता, “आजी, भीती वाटते का गं?” घरात हा प्रश्न आजवर त्यालाच विचारला जात असे. कुणीतरी त्याच्याकडून धीर घेतंय, हे त्याला त्या वाटेवर प्रथमच कळलं. बाजारपेठेपर्यंत त्याने एकदाही ‘कडेवर घे’ म्हटलं नाही.

नाडीची गाठ

आमचं रिसॉर्ट म्हणजे जुना, ऐसपैस बंगला आणि त्याला मागाहून जोडलेल्या खोल्या. व्हरांडा, झोपाळा, कॅरम, संध्याकाळी हाऊजी, जेवणात गुजराती थाळी. गरम पाणी सकाळी सात ते नऊ एवढंच. पण माथेरानला सकाळची घाई असते कुणाला?

दुसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या पायरीवर धाकटा बूट घेऊन बसला. त्याचे शाळेचे बूट चिकटपट्टीचे. तांबड्या, घसरड्या वाटांसाठी मुद्दाम नाडीचे नवे आणले होते. माझा हात पुढे झाला, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “राहू दे. गाडी कुठे चुकतेय आपली?”

मग चहाचे दोन कप होईस्तोवर आम्ही बसून राहिलो. एक फास झाला, सुटला. दुसरा झाला, त्यात बोटच अडकलं. माकडाचं एक पिल्लू समोरच्या फांदीवरून हा सगळा प्रकार आमच्याइतक्याच गांभीर्याने बघत होतं. पाचव्या की सहाव्या खेपेला गाठ बसली. वाकडी, एक कान लांब, एक आखूड. पण बसली! तो उठला, चार पावलं चालला आणि खाली बघून स्वतःशीच म्हणाला, “सुटत नाहीये...” टाळ्या नाहीत, फोटो नाही. त्या दिवशी नाडी तीनदा सुटली आणि तीनही वेळा तो न सांगता वाटेत बसला.

शंभराची नोट आणि माकड

रिसॉर्टच्या फाटकापासून महात्मा गांधी रोडवरचं चिक्कीचं दुकान पाच मिनिटांवर. दुपारी दोघांनी मिळून विचारलं, “आम्ही जाऊ? दोघंच?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मोटार नाही, रस्ता एकच आणि सरळ, माणसांची ये-जा सतत. नाही म्हणायला कारणच सापडेना! शंभराची नोट थोरलीच्या हातात दिली, घोडा आला की कडेला उभं राहायचं आणि कड्याकडच्या वाटेला वळायचं नाही, एवढं बजावलं आणि दोघं निघाली.

पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत ह्यांनी ‘जरा पाय मोकळे करतो’ असं म्हणत तीनदा फाटकापर्यंत फेरी मारली. मी मासिकाचं एकच पान वाचत होते. सासूबाई झोपाळ्यावर निवांत. “मी याच्याएवढी असताना दळण घेऊन गिरणीत जायची,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईलाही काळजी वाटतच असेल. पण पीठ तर हवंच होतं!”

पोरं आली ती तांबड्या धुळीने माखलेली आणि रिकाम्या हातांनी. चिक्की घेतली होती. पैसे दिले होते. परतताना एका माकडाने थोरलीच्या हातातली पिशवी हिसकली आणि समोरच्या पत्र्यावर बसून आमच्यादेखत... म्हणजे त्यांच्यादेखत खाल्ली! धाकटा रडायच्या बेतात होता. थोरलीने त्याला मागे ओढलं, माकडाशी ओढाताण केली नाही, धावली नाही, ओरडली नाही. मग परत दुकानात जाऊन, उरलेल्या पैशात काय येईल ते विचारलं आणि काही न घेता घरी आली. का, तर “उरलेले पैसे आधी तुला विचारून खर्च करायचे, म्हणून.”

तिने मुठीतले सुटे पैसे टेबलावर ठेवले. मोजून बरोबर होते. मी काही बोलणार इतक्यात धाकट्याने अख्खी हकीकत साभिनय सांगायला सुरुवात केली. एरवी चार वाक्यांच्या पुढे न जाणारा हा मुलगा दहा मिनिटं बोलत होता. माकडाने खाल्लेली चिक्की फुकट गेली असं मला तरी वाटत नाही.

आवाज गेला, आवाज आला

या धाकट्याबद्दल सांगायलाच हवं. तो हळू बोलतो. इतकं हळू की वर्गात ‘आवाज ऐकू येत नाही’ असा शेरा दर सत्रात ठरलेला. तो मुका नाही, घाबरट नाही, पण चारचौघांत त्याचा आवाज घशाशी येऊन थांबतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी शार्लोट तलाव आणि ग्रामदैवत पिसरनाथाचं देऊळ बघून आम्ही एको पॉइंटला गेलो. समोर कडा, मध्ये खोल दरी. पर्यटकांचे घोळके आपापली नावं घेऊन ओरडत होते. दोन्ही हातांनी माझा पदर धरून धाकटा ऐकत होता. थोरलीचं वेगळंच चाललं होतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, हे ती कुठेतरी वाचून आली होती. वडिलांचं घड्याळ घेऊन ती मोजत होती. “बाबा, पण आवाज जाऊन परत येतो ना? म्हणजे उत्तराचं अर्धं करायचं!” तिची मोजणी कधी एक सेकंद भरे, कधी दीड. कड्याचं अंतर दर वेळी बदलत होतं. पण ‘अर्धं करायचं’ हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

घोळका पांगला. कुणी काही सुचवलं नाही, कुणी ‘ओरड ना रे’ म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने धाकट्याने पदर सोडला, कठड्याच्या अलीकडे दोन पावलं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “ओ.” काहीच परत आलं नाही. दरीला कुजबुज पोहोचत नाही. मग त्याने छातीभर श्वास घेतला आणि “ओऽऽऽ!”

समोरून ‘ओऽऽ’ आला. तो दचकून मागे वळला. हसला. पुढे किती वेळा ओरडला ते आम्ही मोजलं नाही. शाळेतला शेरा पुढच्या सत्रात बदलेल की नाही, ठाऊक नाही. पण आपला आवाज दरीपलीकडे पोहोचतो, हे त्याला आता माहीत आहे.

परतीची छोटी गाडी

उतरताना आम्ही नेरळपर्यंतची मिनी ट्रेन घेतली. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी सोळा लाख रुपये खर्चून बांधलेला हा दोन फुटी रुळांचा मार्ग १९०७ साली सुरू झाला. जेमतेम एकवीस किलोमीटर, पण वळणं इतकी की दोन तासांहून अधिक वेळ लागतो. वाटेत एकच छोटा बोगदा, त्याचं नाव ‘वन किस टनेल’. “असं नाव का?” असं थोरलीने विचारताच तिच्या बाबांना खिडकीबाहेर एकाएकी काहीतरी महत्त्वाचं दिसलं!

२००५च्या जुलैतल्या अतिवृष्टीत हा मार्ग वाहून गेला होता, २००७मध्ये पुन्हा उभा राहिला. २०१९च्या पावसाने तो पुन्हा उखडला आणि ऑक्टोबर २०२२मध्ये नेरळपासूनची गाडी परत धावू लागली. वॉटर पाइप, जुम्मापट्टी अशी स्टेशनं मागे पडत गेली. आमचा धाकटा जुम्मापट्टीच्या आधीच आजीच्या मांडीवर झोपला. बुटाची एक नाडी सुटलेली होती. सासूबाईंनी ती बांधली नाही. तशीच राहू दिली.

मुलांना आपण वेगवेगळी ठिकाणं दाखवतो, ते चांगलंच आहे. पण मुलाला स्वतः काही करून बघायचं तर त्याला दोन गोष्टी लागतात. धोका नसलेला रस्ता आणि घाई नसलेले आई-वडील. पहिली गोष्ट माथेरानमध्ये मोटारबंदीमुळे मिळते. दुसरी आपण घरून न्यायची असते.

जाणार असाल तर...

० मिनी ट्रेनची नेरळ-माथेरान सेवा पावसाळ्यात बंद असते. अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी हवामान पाहून चालते. तिकिटं मर्यादित असतात, त्यामुळे स्टेशनवर लवकर पोहोचा.
० घोड्याचे दर आधी विचारून पक्के करा. लहान मुलांचा घोडा पळवू नका, असं घोडेवाल्याला स्पष्ट सांगा.
० खाऊ हातात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा. माकडाने हिसकलंच तर सोडून द्या.
० कपडे गडद रंगाचे न्या. तांबडी माती पांढऱ्यावरून निघत नाही.
० शक्यतो बाजाराच्या जवळचं रिसॉर्ट घ्या. म्हणजे मुलांना एखादं छोटं काम सांगून पाठवता येतं.
० सगळेच पॉइंट बघायचा हट्ट नको. एक सकाळ मोकळी ठेवा.
० सर्व कड्यांना कठडे नाहीत. तिथे मुलांचा हात अजिबात सोडू नका. बाजाराच्या वाटेवर मात्र सोडून बघा.