नदीकाठी राहणाऱ्यांचा वुजू

दरवर्षी 5 जूनला जागतिक पर्यावरण दिन येतो. शाळेत आम्ही मुलांकडून घोषणा म्हणवून घेतो, फलक रंगवतो, अंगणात दोन-चार रोपे लावतो. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात. आपल्या घरात मात्र पर्यावरणाची आठवण देणारी वेळ रोज पाच वेळा येते. ती वेळ वुजूची.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत नोंद आहे की हजरत मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करत. मुद्द म्हणजे साधारण एक भरलेली ओंजळ आणि चार मुद्दचा एक साअ. आजच्या मापात मुद्द किती, यावर उलेमांच्या हिशेबात थोडा फरक आहे. पण तो अर्धा ते एक लिटरच्या आतबाहेरच जातो. म्हणजे एका तांब्यात वुजू आणि अर्ध्या बादलीहून कमी पाण्यात आंघोळ.

आता आपला वुजू पाहू. नळाखाली बादली ठेवायची, नळ नेहमीसारखा सोडायचा आणि वुजू करायचा. आम्ही घरी हे करून पाहिले. मसह करताना, बाह्या वर सारताना, कुणाशी दोन शब्द बोलताना पाणी वाहतच राहते. वुजू आटोपेपर्यंत बादली अर्ध्यावर आलेली असते. एका वुजूमागे चारच लिटर वाचले असे धरू. पाच वेळांचे वीस लिटर झाले. घरात पाच नमाजी असतील तर दिवसाला शंभर लिटर, महिन्याला तीन हजार लिटर!

हा हिशेब सांगितला की कुणीतरी हमखास म्हणते, “आपल्या भंडाऱ्यात पाण्याला काय तोटा? दाराशी वैनगंगा आहे. जिल्ह्याची ओळखच तलावांचा जिल्हा!” खरे तर हा आक्षेपच आमच्यासाठी सगळ्यात मोलाचा आहे. कारण इब्ने माजामधील एका रिवायतीत नेमका हाच प्रश्न येतो. वुजूतही इसराफ असतो काय, असे हजरत सअद (रजि.) विचारतात. तुम्ही वाहत्या नदीच्या काठी असलात तरीही होय, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळते. या रिवायतीच्या सनदीवर मुहद्दिसांनी चर्चा केली आहे. पण खा, प्या आणि उधळपट्टी करू नका हा आदेश तर सूरह आराफमध्येच आहे. म्हणजे काटकसरीचा संबंध टंचाईशी लावलेला नाही. पाणी कमी पडले म्हणून जपणे ही गरज झाली. भरपूर असताना जपणे ही अल्लाहच्या नेअमतीची कदर झाली. वाहत्या नदीकाठचे लोक म्हणजे दुसरे कोण? आपणच की!

आणि हे भरपूर पाणी तरी कुठून आले? भंडारा आणि 1999 मध्ये त्यातून वेगळा झालेला गोंदिया, या पट्ट्यातील जुने मालगुजारी तलाव कोणा कंपनीने बांधलेले नाहीत. कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी जमिनीचा उतार पाहून पाळी घातल्या, पावसाचे पाणी अडवले आणि त्यावर धानाची शेती उभी केली. ढिवर बांधवांची मासेमारी, गुराढोरांचे पिणे, गावच्या विहिरींचा झरा, सगळे त्या एका तलावावर चाले. पाणी, गवत आणि आग या तीन गोष्टींत सगळे भागीदार आहेत, ही अबू दाऊदमधील हदीस समजून घ्यायला आपल्याला लांब जावे लागत नाही. आपल्या गावचा तलाव तिचेच उदाहरण आहे. मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि हळूहळू ‘तलाव आपला’ ही भावनाही गेली. आज अनेक तलावांत गाळ साचला आहे, कडेने बेशरम माजली आहे. भागीदारांनी लक्ष काढून घेतले की मालमत्तेचे असेच होते.

वैनगंगेचेही तेच. 1988 मध्ये गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पुढे धरणात पाणी साठू लागले आणि पूर्वी खळाळत वाहणारी नदी धरणाच्या वरच्या बाजूला दूरपर्यंत थबकून उभी राहू लागली. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत उतरते. वाहत्या पाण्यातली घाण पुढे निघून तरी जाते, थांबलेल्या पाण्यातली तिथेच कुजते. साचलेल्या पाण्यात लघवी करू नये ही ताकीद बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. एका माणसाला जर एवढी मनाई, तर आपल्या मोहल्ल्याची सगळी नाली नदीत सोडताना आपण काय म्हणावे? नागपूरला बोल लावणे योग्यच आहे. पण आपल्या घरामागची नाली कुठे जाते, हेही एकदा चालत जाऊन पाहावे.

म्हणून काही साध्या सवयी सुचवाव्याशा वाटतात. आपला जिल्हा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. दादी-नानीच्या काळचा तोटीचा बधना कित्येक घरांत माळ्यावर पडून असेल. तो खाली काढा, चिंचेने घासा आणि वुजूच्या जागी ठेवा. मुलांना तर त्याची गंमतच वाटते. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. मशिदीच्या कमिटीने मनावर घेतले तर ते पाणी आवारातल्या कडुनिंबाला किंवा शोषखड्ड्यात सहज वळवता येईल. घरी तांदूळ धुतलेले पाणी मोरीत न ओतता कढीपत्त्याला घालता येते.

दावत आणि वलीमा हा दुसरा मोठा विषय. महाराष्ट्रात 2018 पासून थर्माकोलच्या ताटांना बंदी आहे, तरी बिर्याणी त्यातच वाढलेली दिसते आणि दुसऱ्या दिवशी ती ताटे नाल्यात तरंगतात. आपल्या रानात पळस उदंड आहे. पळसाच्या पत्रावळीत जेवलेल्या पिढ्या अजून हयात आहेत. पत्रावळ मातीत मिसळते, जनावरही तिने मरत नाही आणि ती लावणाऱ्या गरीब बाईच्या हाती दोन पैसे पडतात.

बकरी ईदला कुर्बानीनंतरची आतडी आणि रक्त उघड्या नालीत न सोडता खड्डा खणून पुरावे. लोकांच्या वाटेवर, सावलीत आणि पाणवठ्यावर घाण करणाऱ्याला हदीसमध्ये फार कठोर शब्द आहेत. शेजारी मुस्लिम असो की हिंदू, त्याच्या नाकाला आपल्या इबादतीचा त्रास पोहोचला तर आपण शेजाऱ्याचा हक्क मारला.

यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. उलट वाचतोच. लागते ती फक्त नियत, आणि घरातल्या मोठ्यांनी आधी करून दाखवणे. मुले घोषणा वर्गात शिकतात, सवय मात्र अम्मी-अब्बांच्या हाताकडे पाहूनच लागते.

अल्लाह आपल्याला त्याच्या नेअमतींची कदर करण्याची तौफीक देवो. आमीन.