उडणारीं माणसें

परवां एक प्राध्यापक स्नेही आमच्याकडे आले होते. बाहेर पावसानें नुसतें थैमान घातलेलें. चहा होऊन गेला तरी त्यांना निघतां येईना. हाताला चाळा म्हणून ते माझ्या पुस्तकांच्या कपाटाशीं जाऊन उभे राहिले. वरच्या फळीवरची ज्ञानेश्वरी पाहून त्यांनीं समाधानानें मान हलविली, हरिभाऊंच्या कादंबऱ्यांवरून प्रेमानें बोट फिरविलें, आणि मग त्यांची दृष्टि अगदीं खालच्या फळीकडे वळली. तेथें जाडजूड ग्रंथांच्या मागें मीं एक रंगीबेरंगी चळत दडवून ठेविलेली आहे. तींतलें एक पुस्तक त्यांनीं ओढून काढलें. मुखपृष्ठावर एक धिप्पाड पुरुष, अंगांत निळा पोषाख आणि पाठीवर तांबडें उपरणें सोडलेलें, आख्खी मोटार उचलून खडकावर आदळीत होता.

"हीं मुलीचीं वाटतें?" त्यांनीं हंसत विचारलें.

"हो, मुलीचींच," मी म्हणालों.

पाऊस कांहीं थांबेना, तेव्हां माझी छत्री घेऊन ते गेले. दार लागल्यावर आंतल्या खोलींतून माझी मुलगी बाहेर आली आणि एवढेंच म्हणाली, "बाबा, तीं माझीं नाहींत."

तें खरें होतें. तीं माझीं आहेत. तिच्या जन्माच्या कितीतरी आधींपासून माझीं आहेत. भर रस्त्यांत भेटलेल्या बालमित्राला, त्याचा सदरा मळका आहे एवढ्याच कारणासाठीं, ओळख दाखवूं नये, तसें मीं त्या दिवशीं केलें होतें. हा लेख म्हणजे त्या पातकाचें प्रायश्चित्त आहे असें वाचकांनीं समजावें.

या मंडळींशीं माझी पहिली ओळख झाली ती वेताळामुळें. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ सालीं सुरू झालीं आणि १९९० सालीं बंद पडलीं. मधल्या काळांत तीं मराठींतही मिळत. आमच्या आळींतल्या वाचनालयांतून तीं एका दिवसाच्या बोलीनें आणावयाचीं आणि भूगोलाच्या पुस्तकांत घालून वाचावयाचीं, हा माझा नित्यक्रम. ली फॉक या अमेरिकन लेखकानें १९३६ सालीं निर्माण केलेला हा वीर कवटीच्या आकाराच्या गुहेंत राहतो, आणि त्याच्या अंगठीचा ठसा दुष्टांच्या जबड्यावर कायमचा उमटतो. जंगलांतले लोक त्याला अमर समजतात. शतकानुशतकें तोच एक चालत आलेला आहे अशी त्यांची श्रद्धा. वाचकाला मात्र गुपित ठाऊक असतें. वेताळ अमर नाहीं. तो वीस वेळां मेलेला आहे! प्रत्येक वेळीं बापामागें मुलानें तोच पोषाख अंगावर चढविला, आणि आपण ज्याच्या कथा वाचतों तो एकविसावा.

हें गुपित मला कळलें तेव्हां मी आठ वर्षांचा होतों. त्या रात्रीं शेजारीं झोंपलेल्या वडिलांच्या छातीचा भाता वरखालीं होतो कीं नाहीं, हें मी बराच वेळ पाहत राहिलों. आमच्या घरांत माणसें मरत नसत; तीं 'देवाघरीं' जात, किंवा 'गांवाला' जात. मरण म्हणजे काय हें कोणाही वडीलधाऱ्यानें मला सांगितलेलें नव्हतें. तें वेताळानें सांगून टाकलें, आणि बाप गेल्यावर मुलानें काय करावयाचें असतें तेंही त्याच दमांत सांगितलें.

त्यानंतर भेटला तो सुपरमॅन. मोटार उचलणारा तो हाच. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंड शहरांतल्या दोन ज्यू तरुणांची ही निर्मिति. १९३८ सालीं 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकांत तो अवतरला, आणि त्याचे सगळे हक्क या पोरांनीं १३० डॉलरांना विकून टाकले! त्याच्यावर दुसऱ्यांनीं अमाप पैसा मिळविला. या दोघांना, साठी उलटल्यावर, १९७५ सालीं वर्षाला २०,००० डॉलरांचें वेतन आणि आपलीं नांवें पुन्हा छापलीं जाण्याचा मान मिळाला. पर्वत उचलणाऱ्या वीराला आपल्या जन्मदात्यांचें घरभाडें कांहीं उचलतां आलें नाहीं.

सुपरमॅनची थट्टा करणें सोपें आहे. चष्मा लावला कीं तो क्लार्क केंट नांवाचा बुजरा वार्ताहर होतो, आणि चष्मा काढला कीं त्याला शेजारच्या टेबलावरची बाईही ओळखीत नाहीं. माझ्या बाबतींत हें जरा निराळें आहे. चष्मा काढल्यावर मला सगळे ओळखतात, मीच कोणाला ओळखीत नाहीं. पण माझा त्याच्यावर जीव जडला त्याचें कारण त्याचें बळ नव्हे. सीगलच्या वडिलांचें कपड्यांचें दुकान होतें. १९३२ सालीं त्या दुकानांत चोर शिरले, आणि त्या गडबडींत वडिलांचें हृदय बंद पडलें. मुलगा तेव्हां सतरा वर्षांचा होता. पुढें त्याच मुलानें, ज्याच्या छातीवर गोळी आपटून खालीं पडते असा एक पुरुष कल्पिला. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध मी लावूं इच्छीत नाहीं. त्यांना नुसतें शेजारीं शेजारीं ठेवतों.

सुपरमॅनवर १९७८ सालीं जो चित्रपट निघाला त्यांतही असाच एक प्रसंग आहे. पोरवयांतला क्लार्क आगगाडीच्या पुढें धांवूं शकतो; पण त्याला सांभाळणारा म्हातारा शेतकरी घराजवळ चालतां चालतां छातीवर हात ठेवून कोसळतो, आणि पोरगा त्याच्या थडग्याशीं रिकाम्या हातांनीं उभा राहतो. आपल्या सामर्थ्याची सीमा कोठें आहे हें त्याला तेथें प्रथम कळतें. तो प्रसंग पाहून माझे डोळे दरवेळीं भरून येतात. उलट, त्याच चित्रपटाच्या शेवटीं तो पृथ्वीभोवतीं घिरट्या घालून काळच मागें फिरवितो आणि मेलेल्या प्रेयसीला उठवितो, तें मला मुळींच रुचत नाहीं. तेथें कथाकारानें प्रेक्षकाला लांच दिली. आणि त्या लांचेनें आधींचें तें थडगेंही थोडें खोटें पडतें. कारण काळ मागें फिरवितां येत होता, तर त्या म्हाताऱ्यासाठीं कां नाहीं फिरविला?

या बाबतींत स्पायडरमॅन अधिक सच्चा. स्टॅन ली हा लेखक आणि स्टीव्ह डिट्को हा चित्रकार यांनीं १९६२ सालीं त्याला जन्म दिला. हा आमच्यासारखाच मध्यमवर्गीय. आपला पोषाख स्वतः शिवतो, तो फाटला कीं स्वतःच टांके घालतो, आणि महिनाअखेरीस पैशांची ओढाताण सोसतो. त्याचा सर्वांत मोठा पराक्रम कोणता, असें मला कोणी विचारलें तर मी १९६६ सालच्या एका अंकाकडे बोट दाखवीन. एका प्रचंड यंत्राखालीं तो चिरडून पडला आहे. वरून पाणी गळत आहे. आणि आजारी मे काकूच्या औषधाची कुपी हातभर अंतरावर, पण हाताला न लागणारी. तें यंत्र तो उचलतो. पानांमागून पानें तो नुसता तें यंत्रच उचलीत असतो! जग बुडत नसतें, कोणी राजकन्या संकटांत नसते. एका म्हातारीला औषध वेळेवर पोंचवावयाचें असतें, इतकेंच. घरांत कोणी दुखणेंकरी असलेल्या प्रत्येक माणसाला त्या यंत्राचें वजन ठाऊक आहे.

तरीही हाच वीर १९७३ सालीं हरतो. पुलावरून खालीं फेंकलेल्या आपल्या प्रेयसीला तो जाळ्याच्या तंतूनें अधांतरीं झेलतो, वर ओढतो, स्वतःवरच खूष होऊन तिच्याशीं बोलूं लागतो. आणि मग त्याच्या ध्यानांत येतें कीं आपण प्रेत झेललें आहे. येथें कोणी काळ मागें फिरविला नाहीं. पुढच्या महिन्यांत पुढचा अंक निघाला आणि त्यांत तिच्यावांचूनचे दिवस सुरू झाले.

१९३९ सालीं जन्मलेल्या बॅटमनविषयीं मला आदर आहे, लोभ नाहीं. गडगंज श्रीमंत माणसानें रात्रीं वाघळाच्या वेषांत गुंडांना चोपावें, यांत मला घरचें असें कांहीं वाटत नाहीं. त्याचा म्हातारा सेवक आल्फ्रेड मात्र मला फार प्रिय आहे. मालकाच्या जखमा बांधावयाच्या, त्याला खाऊं घालावयाचें, आणि वर अदबीनें एक टोमणा मारावयाचा! असा माणूस ज्या घरांत आहे त्या घराला अतिमानवाची गरज काय?

उडणारीं माणसें केवळ अमेरिकेंतच जन्मतात असें नव्हे. जपानांत ओसामू तेझुका या चित्रकारानें १९५२ सालीं ॲटम नांवाच्या यंत्रबालकाची कथा आरंभिली. १ जानेवारी १९६३ पासून ती तेथल्या दूरचित्रवाणीवर दिसूं लागली, आणि ज्याला आज सगळें जग ॲनिमे म्हणून ओळखतें त्याची घडी तिनें घालून दिली. ॲटमच्या इवल्याशा देहांत एक लक्ष अश्वशक्तीचें बळ आहे. पण तो जन्माला कां आला? डॉक्टर तेन्मा या शास्त्रज्ञाचा मुलगा अपघातांत गेला, म्हणून त्यानें त्याच चेहऱ्याचा दुसरा मुलगा यंत्रांतून घडविला. कांहीं काळ आनंदांत गेला. मग बापाच्या ध्यानांत आलें कीं हा मुलगा वाढत नाहीं. त्याची उंची बोटभरही चढत नाहीं. संतापून त्यानें त्याला सर्कशींत विकून टाकलें. मूल वाढतें म्हणून हळहळणारे आईबाप मीं पुष्कळ पाहिले आहेत. मूल वाढत नाहीं या दुःखाचें एवढें भेदक चित्र मात्र मला दुसरीकडे आढळलें नाहीं. आणि ॲटमचा मोठेपणा असा कीं, ज्या माणसांनीं त्याला विकलें त्यांच्याच जातीसाठीं तो पुढें जन्मभर लढत राहतो.

आतां ज्या एका चित्रपटासाठीं मीं हें सारें लिहिलें त्याकडे वळतों. हायाओ मियाझाकीचा 'माझा शेजारी तोतोरो' हा १९८८ सालचा. मियाझाकीची स्वतःची आई त्याच्या लहानपणीं कण्याच्या क्षयानें वर्षानुवर्षें आजारी होती. चित्रपटांतही साट्सुकी आणि मेई या दोन बहिणींची आई रुग्णालयांत आहे, आणि घराजवळच्या रानांत तोतोरो नांवाचा एक केंसाळ, ढेरपोट्या, उडणारा प्राणी राहतो.

कांहीं वर्षांपूर्वीं माझी पत्नी दोन महिने रुग्णालयांत होती. मुलगी तेव्हां सात वर्षांची. "आई कधीं येणार?" हा तिचा रोजचा प्रश्न, आणि "रविवारीं" हें माझें ठरलेलें उत्तर. असे तीन रविवार आले आणि गेले. चौथ्या रविवारीं तिनें विचारलेंच नाहीं. तिचें तें न विचारणें मला प्रश्नापेक्षां जड गेलें. संध्याकाळीं बोलावयास कांहीं सुचेना, म्हणून मीं तोतोरो लावला.

दोघी बहिणी भर पावसांत, बाबांची छत्री घेऊन, त्यांच्या बसची वाट पाहत उभ्या असतात. शेजारीं तोतोरो येऊन उभा राहतो. डोक्यावर आडोशाला नुसतें एक पान. साट्सुकी त्याला ती छत्री देते. छत्रीवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकून तो असा कांहीं हरखतो कीं माझी मुलगी त्या महिन्यांत प्रथमच खदखदून हंसली. पण पुढें रुग्णालयाची तार येते. आई शनिवारीं घरीं यावयाची असते, तें लांबतें. आणि इतका वेळ धाकटीला सांभाळणारी शहाणी साट्सुकी, आई मेली तर काय, या भीतीनें ओक्साबोक्शीं रडते.

माझी मुलगी माझ्याकडे न पाहतां म्हणाली, "यांचासुद्धां शनिवार आला नाहीं." आणि जरा थांबून, "बाबा, आपला रविवार खरा कधीं आहे?"

मीं सांगितलें कीं मला ठाऊक नाहीं. डॉक्टरांनाही अजून ठाऊक नाहीं. 'रविवार' हें मीं मनानेंच सांगत होतों. ती रडली. मी तिच्याजवळ बसून राहिलों. मग दोघांनीं मिळून उरलेला चित्रपट पाहिला आणि पिठलंभात खाल्ला. तिची आई नवव्या आठवड्यांत घरीं आली. तो मंगळवार होता.

प्राध्यापकमहाशय याला पलायनवाद म्हणतील हें मी जाणतों. 'कलेसाठीं कला' आणि 'जीवनासाठीं कला' या जुन्या वादांतले दोन्ही पक्ष या पुस्तकांना दारांत उभे करणार नाहींत, हेंही मला ठाऊक आहे. माझी अडचण एवढीच कीं, त्या चार आठवड्यांत आमच्या घरांत पळत होतों तो मी. मीं मुलीला खोट्या रविवारांवर झुलविलें; खरें सांगण्याचें धैर्य एका ढेरपोट्या भुताच्या गोष्टीनें केलें. तोतोरोनें त्या आईला बरें केलें नाहीं. तें त्याच्या हातांत नव्हतें, आणि असल्याचा आव त्यानें आणला नाहीं. तो पावसांत शेजारीं उभा राहिला, आणि धाकटी हरवली तेव्हां तिला शोधावयास त्यानें थोरलीला मदत केली. उडणाऱ्या माणसांकडून मीं याहून अधिक कधींच मागितलें नाहीं.

चित्रपट संपल्यावर मुलीनें आणखी एक प्रश्न विचारला होता: "बाबांची छत्री त्यानें परत केली का?" मीं तो चित्रपट पुन्हा लक्षपूर्वक पाहिला. नाहीं केली.

प्राध्यापकमहाशय आले कीं ती चळत मी स्वतःच त्यांच्यापुढें ठेवणार आहे, आणि हीं माझीं आहेत असें सांगणार आहे. मात्र ते अजून आलेले नाहींत, आणि माझी छत्रीही आलेली नाहीं. काल मी भिजून घरीं आलों तेव्हां, तिच्याबद्दल त्यांना फोन करावा काय, असें मुलीला विचारलें.

"नका करूं," ती म्हणाली. "त्यांना आवाज आवडला असेल."