ढोल, थाप आणि महामार्गाची घरघर

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मस्तान नाक्याला उतरलं की मनोर येतं. तिथून विक्रमगड-जव्हारकडच्या पाड्यांवर भातकापणी उरकली की तारपा हे फुंकवाद्य निघतं आणि लग्नसराईत ढोल वाजतो. गाण्याचं मिक्सिंग करणाऱ्याला हाच ढोल हवा असेल, तर सॅम्पलच्या, म्हणजे रेकॉर्ड करून ठेवलेल्या सुट्या आवाजांच्या, तयार संचांत तो सहसा सापडत नाही. 'भारतीय ढोल' म्हणून जे मिळतं, ते बहुतेक भांगड्याचं असतं. मग माइक घेऊन पाड्यावर जाण्याला पर्याय नाही.

पहिली अडचण महामार्गाची. ट्रकची घरघर खालच्या सुरात असते आणि ढोलाच्या थापेचं वजनही तिथेच असतं. फिल्टर लावून घरघर कापली, तर ढोलही पोकळ होतो. म्हणून जाणता रेकॉर्डिस्ट रस्ता सोडून आत शिरतो आणि रात्र निवडतो. पावसाळा तो टाळतो, कारण तेव्हा रात्रभर रातकिडे आणि बेडूक थांबत नाहीत.

दुसरी अडचण कातड्याची. हवेत ओल असली की ते सैल पडतं, आवाज बसतो. वाजवणारे ते शेकोटीपाशी तापवतात, तसा सूर चढतो. पण थोड्या वेळाने कातडं निवतं आणि सूर पुन्हा उतरू लागतो. अर्धा तास सलग थापा घेतल्या, तर पहिली आणि शेवटची एकाच ढोलाच्या वाटत नाहीत. अधूनमधून थांबून ढोल पुन्हा शेकावा लागतो, आणि हा वेळ आधीच धरून ठेवावा लागतो.

एकच थाप संगणकावर पुन्हा पुन्हा वाजवली की कान लगेच ओळखतो. त्यामुळे हलक्या हाताची, मधली, जोराची आणि सर्वांत दणक्याची अशा पायऱ्या घ्यायच्या, प्रत्येक पायरीवर अनेक थापा. दोन थापांमध्ये वादकाने हात वर धरून थांबायचं. थापेनंतरची गुंज पूर्ण विरेपर्यंत कुणी हालायचं नाही. एक माइक कातड्यापासून फूटभर, दुसरा तीन मीटरवर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून लांबच्या माइकवर थाप जवळपास ८ मिलिसेकंद उशिरा पोहोचते. दोन्ही ट्रॅक तसेच मिसळले, तर काही सूर एकमेकांना खातात. मिक्सिंगमध्ये लांबचा ट्रॅक तेवढा अलीकडे ओढून जुळवून पाहावा. पण अंगणाचा मोकळेपणा हवा असेल, तर तो उशीर राखलेलाच बरा.

थापा अशा साठवून वाजवणं नवं नाही. खऱ्या वाद्यांची सॅम्पलं वाजवणारं रॉजर लिन यांचं एलएम-१ हे ड्रम मशीन १९८० साली आलं. त्याआधी, १९६९मध्ये, 'द विन्स्टन्स' या बँडच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाने काही सेकंद एकट्याने ठेका धरला. पुढे तो ठेका हजारो गाण्यांत कापून वापरला गेला. कोलमन यांना त्याचा मोबदला मिळाला नाही. २००६मध्ये गरिबीतच ते गेले.

मनोरकडच्या पाड्यावर माइक उभा करताना हे लक्षात असायलाच हवं. थाप एकदा फाइल झाली की तिचा प्रवास वादकाच्या हाती राहत नाही. सॅम्पल कुठे वापरणार, पुढे विकणार का, हे त्याला त्याच्या बोलीत समजावून सांगावं, बिदागी रेकॉर्डिंगच्याच दिवशी द्यावी आणि विक्री झाली तर वाटा किती, ते कागदावर लिहून एक प्रत त्याच्याकडे ठेवावी. त्याची हरकत नसेल तर गाण्याच्या श्रेयनामावलीत त्याचं आणि पाड्याचं नाव घालावं.